सकाळची थाळी

पिंपळटाका
१९ जानेवारी

आक्का,

अक्षर वळखलंस का? मी मनी. सातवीत शाळा सुटली तवापसून एवढं कवा लिहिलं न्हाई. चुकलं तर हसू नको.

तुझा ठावठिकाणा आमच्या अंगणवाडीच्या पौर्णिमा मॅडमनी लावला. त्या ट्रेनिंगला अंबाजोगाईला आलत्या, तवा मोठ्या दवाखान्यात तू दिसलीस म्हणल्या, झाडलोटीच्या मावशीच्या साडीत, हातात बादली. "तुझ्यावानीच नाक हाय गं तिचं," म्हणल्या. मला हसू बी आलं अन् रडू बी आलं. अण्णा अजून म्हणतेत मला एकच लेक हाय. त्येंच्यापुढं तुझं नाव काढायची सोय न्हाई, अन् आत्यापुढं तर न्हाईच न्हाई. तिच्या घरी तुला द्यायचं ठरलतं. तू निघून गेलीस अन् मांडव रिकामा राहू नये म्हणून मला उभं केलं. आता आत्या माझी सासू हाय अन् अभिमन्यू माझा नवरा. लहानपणी आपण त्याला अभ्या म्हणायचो. आता नाव घेता येत न्हाई, म्हणून हितून पुढं "हे" लिहिते, समजून घे.

फोन घरात एकच हाय, तो ह्यांच्या खिशात. अन् फोन असून बी हितं बोलता येत न्हाई. गावामागच्या माळावर इमानं शिकायची शाळा झाली. त्येंची धावायची पट्टी आमच्या घरामागंच. इमानं मोठी न्हाईत, दोन माणसं बसतेत तेवढीच, पण दिवसभर एकच गोल. उठतंय, गावावरून वळतंय, पट्टीला टेकतंय अन् लगेच परत उठतंय. शिकाऊ पोरं हायेत, त्येंना टेकायचंच शिकायचं असतंय. इमान वरी आलं की आमच्या घराचा पत्रा खडखड करतोय. हितली माणसं बोलता बोलता तोंड तसंच उघडं ठिवून थांबतेत, अन् इमान गेलं की पुढचा शब्द. परवा शेजारची मंजुळाबाई छाती धरून आली, "आमचा सटवा," म्हणली अन् इमान आलं. आमी पदर तोंडाला लावला. इमान गेल्यावर म्हणली, "पोलीस भरतीत निघाला."

हे पट्टीवरच कामाला हायेत. पाखरं हाकतेत. आधी ज्वारीत गोफण मारायचे, आता फटाके फोडतेत. पाखरू इमानात शिरलं तर इमान पडतंय म्हणं. कामाचा कागद मार्चपतूर हाय, मग पुढं ठिवायचं का न्हाई ते साहेब ठरवणार.

अन् तुला भाचा झालाय. शौर्य नाव ठिवलं. आखाडात झाला. लई गुणाचा हाय. सगळ्या गावाची लेकरं इमानानं दचकून उठतेत, ह्यो न्हाई उठत. आत्या म्हणती ही सगळी थाळीची करणी. लेकरू जन्मलं की थाळी वाजवतेत बघ, आवाजाला भिऊ नये म्हणून. लोक एकदाच वाजवतेत. आत्या रोज वाजवती. दिस उगवला की काशाची थाळी घेती, पाळण्यामागं उभी ऱ्हाती अन् बत्त्यानं दणादणा वाजवती. पट्टीशेजारी जल्मला, त्याला घट्ट करायला पायजे, म्हणती. त्याला "आमचा वाघ" म्हणती.

तुला एक सहज इचारायचं हाय. तुला परी नावाची लेक हाय म्हणल्या मॅडम, ती हाक मारली की कवापसून वळाया लागली? सहज इचारलं. दुसरं काय न्हाई.

उत्तर दिलं तर पौर्णिमा मॅडमच्या हातानं दे. घरी धाडू नको.

तुझी मनी

४ फेब्रुवारी

आक्का,

तुझी चिठ्ठी मिळाली. तू खुशाली इचारलीस ते चांगलं वाटलं. पण पुढचं कावून लिहिलंस? "पाठीमागं जाऊन टाळी वाजव, त्याला दिसू नको." माझ्या लेकराला काय झालं न्हाई. तू दवाखान्यात ऱ्हाऊन तुला सगळीकडं दुखणंच दिसत असंल.

त्याला आयकू येतंय. इमान आलं की तो खुदकन हसतोय अन् वर बघतोय. हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय.

हितली बातमी सांगते. गावानं तक्रार केली. शाळेत मास्तरांचं आयकू येत न्हाई, म्हशी दूध चोरतेत, म्हातारी माणसं दुपारी डोळा लावत न्हाईत. बंकट सरपंचाचा भाऊ हाय, तो पुढं. त्याचं म्हणणं एवढंच, इमानं गावावरून वळवू नका, तळ्याच्या अंगानं वळवा, तिकडं माणूस न्हाई काणूस न्हाई. अन् दुपारची थांबवा, लेकरं निजतेत तवा. मग इमानाच्या कंपनीचे साहेब अन् एक मॅडम आले. मॅडम गोड बोलती. तक्रारीला फोन नंबर दिला. म्हणल्या, आधी आवाज मोजू, मग ठरवू. मोजायचा डबा आमच्याच पत्र्यावर बसवला, आमचं घर पट्टीला जवळ अन् हे कामाला, म्हंजे डब्याला कुणी हात लावणार न्हाई. डब्याला कणसासारखं एक बोंड हाय, मऊ, काळं. ते सगळं आयकतंय.

त्याच दिशी इमान वरून गेलं. मॅडमनी कानावर हात ठिवले अन् पाळण्यात बघितलं. शौर्य पाय तोंडात घालून खेळत व्हता. मॅडम म्हणल्या, "अरे, हे बघा! बाळ किती शांत आहे!" फोटू काढला. आठ दिवसात पट्टीच्या गेटवर मोठा बोर्ड लागला. माझा लेक हसतोय, मागं इमान, वर लिहिलंय, "आम्ही तुमचे शेजारी". सिरसाळ्याच्या बाजाराला जाणारं माणूस तो बोर्ड बघत जातंय. ह्यांची मान ताठ झाली. साहेब ह्यांना नावानं वळखतोय आता.

मी लई भितीये आक्का. कशाला भितीये ते लिहीत न्हाई.

टाळी मी वाजवली. तुझी चिठ्ठी यायच्या आधीच वाजवली व्हती, लई येळा. हाक मारली की वळत न्हाई. पण इमान आलं की वर बघतंय ना. ते कसं मग?

मनी

२५ फेब्रुवारी

आक्का,

कसं ते कळलं मला.

वावरात हरभरा काढायला गेलते. त्याला लिंबाखाली धडप्यावर बसवलं. माझ्याकडं पाठ, हातात घाटा. इमान मागून आलं, लई खाली, बायकांनी इळे टाकून कान झाकले. ह्यो घाटा चघळायच्या नादात. मान बी हलली न्हाई. मग सावली त्याच्या हातावरून सरकली, तवा वर बघितलं अन् हसला.

घरी पाळणा पत्र्याच्या आड्याला बांधलाय. पत्रा थरथरला की दोरी थरथरती, पाळणा थरथरतो. म्हणून हसतोय तो. त्याला गुदगुल्या होतेत.

हे मी कुणाला बोलले न्हाई. बोलू कुणाला? ह्यांना सांगू, तर बोर्डावर त्याचा फोटू हाय अन् कागद मार्चचा हाय. साहेब म्हणंल, आता हे पैका मागायला लेकराला बहिरं म्हणायलेत. आत्याला सांगू, तर तिच्या थाळीचं काय? तिच्यानंच कान फुटले का काय, असं माझ्या मनात येतंय. तसं तोंडातून निघालं तर ती जीव देईल न्हाईतर माझा घेईल. अन् दुसरं बी हाय. आत्याच्या घरी आत्याच्या भावाची लेक, रक्तात रक्त. शाळेत बाई सांगायच्या असं करू नये म्हणून. तू न्हाई म्हणलीस तवा मला वाटलतं आक्काला शेरातलं पोरगं आवडलं असंल. तुला हे मालूम व्हतं का? तू सुटलीस अन् त्या जागी मला बसवलं. राग न्हाई लिहीत. राग हाय. पण लिहून काय उपेग.

गावात येगळंच झालं. महिना झाला अन् साहेब डब्याचा हिशोब घेऊन शाळेत आला. सगळं गाव जमलं. साहेब म्हणतो, "रोज सकाळी विमानं उडायच्या आधीच या घरावर फार मोठा आवाज येतो. आमच्या विमानापेक्षा जास्त. तिथे काय होतं?"

कुणालाच कळंना. बंकट आत्याकडं बोट करून म्हणला, "साहेब, ते रुक्मिणीबाईचं इमान हाय. लवकर उडतंय."

आख्खं गाव हसलं. साहेबाला थाळीचं सांगितलं तर त्याला पटंना. मग म्हणला, "हा हिशोब धरता येणार नाही. गावाचा स्वतःचाच आवाज जास्त आहे. परत मोजू, तोपर्यंत विमानं आहेत तशीच वळतील."

हसणारेच बंकटला म्हणाया लागले, आधी ती थाळी बंद कर.

मग बंकट दारात आला. "रुक्मिणीबाई, एक महिना थाळी बंद ठिवा. हात जोडतो. डबा साफ आयकू द्या, इमानं तळ्याकडं जातेत."

आत्या म्हणली, "न्हाई."

"अवं पण कशाला वाजवायची? तुमचा वाघ तर आधीच भीत न्हाई!"

"माझं लेकरू, माझी थाळी. तू कोण इचारणारा?"

मंजुळाबाई समजावून गेली, पौर्णिमा मॅडम समजावून गेल्या. आत्या आयकत न्हाई. दुसऱ्या दिशी आधीपेक्षा जोरात वाजवली. आता नळावर बायका माझी घागर मागं सारतेत. बंकट जाता येता म्हणतो, "मनिषाबाई, तुमचं पोरगं कंपनीचा माणूस हाय. त्याला टोपी शिवा." कंपनीनं आमाला फोडलंय असं सगळ्याला वाटतंय.

गावाला मी काय सांगू? दारात इमान, घरात थाळी, अन् मधी माझं लेकरू गप.

मनी

१० मार्च

आक्का,

तू लिहिलंस की डाक्टरला इचारलं, वरीस भरायच्या आत आण, कानाला मशीन असतंय, जेवढा उशीर तेवढं बोलणं अवघड. हे वाचून मी चिठ्ठी चुलीत घातली अन् मग रडले, परत वाचायला पायजे व्हती म्हणून.

रात गेली तशी सकाळी ह्यांना सांगितलं. हे भाकर खात व्हते. हातातला घास तसाच राहिला. इमान आलं, मला वाटलं म्हणून थांबलेत. इमान गेलं तरी बोलंनात.

मग उठले. खिशातून फटाका काढला, पाखरांचा. शौर्य आंगणात पालथा पडून खेळत व्हता. ह्यांनी त्याच्यामागं लांब जाऊन फोडला. शेजारचं कुत्रं वरडत पळालं, कोंबड्या उडाल्या, आत्या आतून "कोण मेलं" म्हणत आली. शौर्यनं मातीतला खडा उचलून तोंडात घातला.

ह्यांनी हातातली काडी फेकली. मग येऊन त्याच्या तोंडातला खडा काढला. आत्याला म्हणले, "काय न्हाई, फटाका ओला हाय का बघत व्हतो."

मला आडोशाला नेऊन म्हणले, "सोमवारी मोठा साहेब येणार हाय. लेकराला मांडीवर घेऊन फोटू काढणार हाय. माझ्या कागदावर त्याचीच सही. तवर तोंड उघडू नको. मग बघू."

"मग म्हंजे कवा?"

"मग म्हणलं ना."

एवढंच. जाता जाता त्येंनी लेकराच्या तोंडाची माती आपल्या सदऱ्यानं पुसली, ते बी लिहिते. वाईट माणूस न्हाई. पण सोमवारच्या पुढं आणखी एक सोमवार असतोय, हे मला म्हाईत हाय.

एकटी बसमध्ये बसून येऊ का? आले तर परत दारात घेतील का? हाकलून दिलं अन् लेकरू ठिवून घेतलं तर? ह्यांना दुसरी करून देतील. अण्णा म्हणतील मला एक बी लेक न्हाई. मी पिशवी दोनदा भरली अन् दोनदा सोडली. आत्यानं एकदा बघितलं.  अन् थाळी घासायला घेतली.

मनी

१८ मार्च

आक्का,

ही चिठ्ठी पौर्णिमा मॅडम आमच्या आधीच्या गाडीनं आणून देतील. नीट वाच.

काल शाळेच्या पटांगणात मांडव टाकला. मोठा साहेब आला. शौर्यला नवं झबलं घातलं, कंपनीच्या मॅडमनी त्याला साहेबाच्या मांडीवर दिलं. त्यानं साहेबाचा चष्मा धरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इमान मुद्दाम खालून सोडलं असंल, लई खाली आलं. मांडवातली लेकरं भोकाड पसरून रडली. ह्यो चष्मा चाटत व्हता. साहेब माईकवर म्हणला, "पाहिलंत? सवय होते. प्रश्न आवाजाचा नाही, सवयीचा आहे."

बंकटला राहवलं न्हाई. मागून वरडला, "रुक्मिणीबाई! साहेबाला तुमची थाळी बी दावा की! आणा, आणा. कंपनीचा वाघ बघू द्या!"

लोक हसले. मला वाटलं आत्या शिव्या देईल. ती उठली. पदराखाली थाळी व्हती. ती घेऊनच आलती आक्का, घरून.

साहेबाच्या मागं जाऊन उभी राहिली. एक टोला दिला. साहेब खुर्चीवरून उडाला. लोक लई हसले. दुसरा दिला. तिसरा. मग ती थांबंचना. साहेबानं कान झाकले, मॅडम म्हणती आजी बस, आजी पुरे. लोकांचं हसू बंद झालं. आत्याच्या डोळ्यातून पाणी चाललतं अन् हात चालूच. मग बत्ता हातातून निसटला. तिनं लेकराची पाठ धरली अन् म्हणली, "दचक की रे माझ्या राजा. एकदा तरी दचक."

साहेबापुढचा माईक चालूच व्हता, सगळ्या मांडवानं आयकलं.

मी पळत गेले. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "मने, मी भ्या जायला वाजवत न्हाई गं. पहिल्या दिशी वाजवली तवाच ते हललं न्हाई. मला तवाच कळलं. म्हणलं, आज न्हाई तर उद्या दचकंल. कवातरी दचकंल. थाळी बंद केली अन् नेमका त्याच दिशी त्याला आवाज आला असता तर?"

म्हणून बंद करत नव्हती आक्का. गावानं हात जोडले तरी. अन् मी तिला भीत व्हते, अन् ती मला. एका चुलीवर दोघी.

पुढचं आयक. साहेबानं लेकराला असं खाली ठिवलं जसं भाजलं. अन् बंकट उडी मारून पुढं आला. "बघा! इमानानं लेकराचे कान घालवले! लिहून घ्या साहेब! टीव्हीवाले येईस्तवर ह्याला कुठं हलवायचं न्हाई, हा गावाचा पुरावा हाय!" लोक त्याच्या मागं झाले. कालपतूर माझी घागर सारणाऱ्या बायका माझ्या गळ्यात पडल्या. कुणी म्हणलं डाक्टरकडं नेऊ नका, डाक्टर म्हणंल जल्मापसून हाय, मग गावाच्या हातात काय राहतंय.

आधी कंपनीचा व्हता, आता गावाचा झाला. माझा कवा व्हणार?

आत्या म्हणली, "सरका बे." आपल्या आत्याला गड्यासारखं बोलताना मी पहिल्यांदा आयकलं. "तुमच्या इमानाचं तुमी बघा. डबा पुन्यांदा लावा, थाळी वाजणार न्हाई, मोजा काय मोजायचं ते. लेकरू दवाखान्यात जाणार." मग मला, सगळ्यांपुढं, "शिवकन्याचा पत्ता हाय ना तुझ्याकडं? मला काय आंधळी समजलीस?"

तिनं तुझं नाव घेतलं आक्का. आपल्या तोंडानं.

बोर्डावरचा फोटू कंपनीच्या माणसांनी काल संध्याकाळीच फाडून नेला. ह्यांच्या कागदाचं काय व्हतंय म्हाईत न्हाई. आज सकाळी फटाक्याची पिशवी खांद्याला लावून निघाले तसेच, कुणी येऊ नको म्हणलं न्हाई म्हणून. दारातून म्हणले, "बस चुकवू नका." वळून बघितलं न्हाई. त्येंच्या मागं इमान उठलं, गावावरूनच वळलं.

आज सकाळी थाळी वाजली न्हाई. मंजुळाबाई दारात येऊन बघून गेली, घरात कुणाचं काय झालं का म्हणून. थाळी आत्याच्या पिशवीत हाय, लुगड्यात गुंडाळून. म्हणती मशीन लावलं की पहिली हीच वाजवीन. मी म्हणलं डाक्टर वाजवू देणार न्हाईत. म्हणती, मग दाराबाहेरून वाजवीन.

परत आल्यावर काय व्हईल मला म्हाईत न्हाई. गाव इचारंल, कंपनी इचारंल. रक्ताचं निघालं तर आत्या अन् मी एकमेकीला तोंड कसं दावू? ते आता लिहीत न्हाई. आमी दुपारी स्टँडवर उतरतो. आत्या तुला काय बोलंल ते सोसून घे. तीच सकाळपसून इचारायली, शिवकन्या मला वळखंल का, पाया पडंल का तोंड फिरवंल.

एक काम कर. आमी उतरलो की लगेच जवळ येऊ नको. त्याला आमचे आवाज लागत नसतील, तुझा नवा हाय. माझ्या खांद्यावर त्याचं तोंड मागं असंल. तू पुढून ये, त्याला दिसू नको, अन् लांबून एकदा हाक मार. शौर्य म्हण, न्हाईतर नुसतं बाळा म्हण. जोरात मार.

न्हाई वळला तर मग जवळ ये.

मनी